खंडेनवमीचा कॅमेरा

जुने शहर, अकोला
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुभद्रास दादाचे अ. उ. आ.

फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं ओमप्रकाशरावांना विचारून पूर्ण करतेस, म्हणून लिहितो.

व्हिडिओ कॅमेऱ्याचा बाजूला उघडणारा पडदा अजून काळाच आहे. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो कानाशी नेऊन हलवला, जणू नारळ घेतोय, आणि फेकून द्या म्हणाला. एकही स्क्रू न उघडता! या कॅमेऱ्याने मी वर्षानुवर्षं लग्नं काढली. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, त्यामुळे कोणाच्या चुकाही शिकलो नाही. त्याला सांगून आलो की भाचीच्या, गीतांजलीच्या लग्नाआधी हा सुरू होईल, आणि तुमच्या दुकानाची पायरी न चढता होईल.

आपल्या घरातून भाचीला फुलांचं बाशिंग जातं, ते यंदाही जाणार. पण आईचे हात थरथरतात. बांधणी विचारली तर म्हणते, ते हाताले ठाऊक होतं, मले नाही. तुझ्या थोरल्या माधवीच्या लग्नात तिने बांधलेलं बाशिंग माझ्या टेपवर आहे, पहिल्या फुलापासून शेवटच्या गाठीपर्यंत. टीव्हीला जोडायची वायर उंदरांनी खाल्ली. डोळा लावायच्या छिद्रातून चित्र दिसतं, पण त्यात शेवंती ज्वारीच्या दाण्याएवढी. पडदाच हवा.

आता स्पष्ट लिहितो. भाऊबीजेला ओमप्रकाशरावांनी पडदा उलटा फिरवला. ते जावई, म्हणून मी गप्प राहिलो, पण कॅमेऱ्याच्या वतीने गप्प राहता येत नाही.

आईचे तुम्हा सर्वांस आशीर्वाद. राग आला तर पत्रानेच कळव.

तुझा दादा
खुशाल


अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सुभद्रेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनीच मोठ्याने वाचलं. उलटा फिरवला, या शब्दांशी थांबून पाणी प्यायले आणि मग पुढे वाचलं. यांचं म्हणणं, पडदा उघडला तेव्हाच काळा होता, आणि त्या छिद्रात मात्र उजेड दिसत होता. हेच सांगायला तोंड उघडलं तर तू म्हणालास, पाव्हणे, काहून हात लावून राहिले? मग कोण बोलतो! करंजी खात बसले.

इकडे गीतांजलीच्या सासूबाईंनी मखमलीचं तयार बाशिंग पाहून ठेवलंय. फुलांचं भर मांडवात सुटलं तर जबाबदार कोण, असं त्यांनी चार बायकांदेखत विचारलं. मी म्हटलं, मी. असं म्हणून बसले खरी, पण दादा, शेवंती आणून चार वेळा बांधून पाहिलं. माधवीच्या लग्नात आईजवळ बसून पाहिलं होतं तसंच. चारही वेळा तिसऱ्या ओळीत सुटलं. तेवढी एक ओळ मले दाखव. नाहीच जमलं तर मखमलीले हो म्हणणार नाही. पोरगी मोकळ्या कपाळाने उभी राहील. तिलाही विचारलं, ती तयार आहे.

कॅमेरा हट्टी आणि तू त्याच्याहून. दोघांवर माझी माया आहे तशीच राहील, यांच्यावर तू थोडी वाढव.

तुझी
सुभद्रा


जुने शहर, अकोला
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुभद्रास अ. उ. आ.

छिद्रात उजेड होता, हे तुझं वाक्य मी चारदा वाचलं. पडदा उघडला की छिद्रातलं चित्र बंद व्हायला हवं. ते सुरू राहतं, म्हणजे कॅमेऱ्याला पडदा मिटलेलाच वाटतोय. पडद्यात काही बिघाड नव्हताच. आठ दिवस मी धडधाकट माणसाचं ऑपरेशन करत होतो.

बॅटरी काढली आणि पडद्याऐवजी बिजागरी उघडली. सात स्क्रू निघाले, ते आईच्या पानाच्या डब्यात कप्प्याकप्प्याने, निघाले त्या क्रमाने ठेवले. आत मसुरीएवढं बटण असतं, पडदा मिटला की दाबलं जातं. त्यावर तांदळाचा दाणा बसून ते कायमचं दाबलेलं राहिलं होतं. हळदीने पिवळा, ओल्या कुंकवाने चिकटलेला. अक्षता.

खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा मीच केली होती. पडदा उघडून केली, कारण अर्धवट पूजा माझ्याकडून होत नाही. मग जो मिटला तो थेट भाऊबीजेला उघडला. ओमप्रकाशरावांना सांग, माझं चुकलं. शब्द दोनच आहेत, पण शाईचे आहेत. पुढच्या खंडेनवमीलाही पूजा होणार आणि अक्षताही वाहीन, पडदा मिटून. दुरुस्तीवाल्याला यातलं काही कळण्याचं कारण नाही.

पडदा लागल्याबरोबर टेप लावली आणि आईला समोर बसवलं. बराच वेळ स्वतःचेच हात पाहत राहिली. तिसऱ्या ओळीशी एकदम म्हणाली, थांबव रे, हे बाई चुकून राहिली. मी म्हटलं, आई, ती बाई तूच आहेस. तर म्हणते, म्हणूनच सांगतो न तुले! नवरदेव दारात आला होता, घाई झाली. दोरा खालून घ्याले पाहिजे होता, अन् दोनदा.

म्हणजे सुभद्रे, तू बरोबर बांधत होतीस. चूक पाहून चूक बांधत होतीस.

लगेच दोरा मागितला. शेवंती नव्हती तर माझ्या उजव्या हाताच्या बोटावरच तिसरी ओळ बांधून दाखवली. डाव्या हाताने मी नव्या टेपवर काढत होतो. हात थरथरत होते, पण गाठ पहिल्याच खेपेला बसली. दहा डिसेंबरला टेप, कॅमेरा आणि आई घेऊन येतो; फुलं आपल्याच मळ्यातली आणतो. ओमप्रकाशरावांनी पडदा हवा तेवढा फिरवावा.

हे लिहितोय तरी दोरा बोटावरच आहे. सोडून पाहिला, ओढून पाहिला, दाताने धरून पाहिला. सुटत नाही. गीतांजलीच्या सासूबाईंना कळव.

तुझा दादा
खुशाल