आमच्या देवाला प्लॉट नको

८ जानेवारी २०२६, गुरुवार

फरशी फुटली. आईची. गॅसवाल्याने भरलेला सिलिंडर नेमका तिच्यावरच आदळला — सगळं स्वयंपाकघर मोकळं असताना! मी ओरडले तर तो बिचारा म्हणतो, "ताई, लादीच आहे ना, नवी टाका." खिडकीखाली नुसती ठेवलेली लादी. त्याला तरी काय कळणार?

जुन्या घराच्या ओटीवरची शहाबादी होती. आई हिच्यावरच गुडघे टेकायची, म्हणून मधोमध तुळतुळीत झालेली. ती गेल्यावर मी टेकायला लागले. इथे फ्लॅटमध्ये आल्यावरसुद्धा, रोज सकाळी.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना असायची. पनवेलहून पास्टर यायचे, नेऱ्याहून काशिरामकाका सायकलवर. अख्ख्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, पण गुरुवारच्या चहाला निम्मी आळी हजर. आई प्रार्थनेला लागली की पलीकडच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बायका हात थांबवायच्या. काय बोलायची ती! खाडीचं पाणी, भाताची कणसं, कुणाचं दुखणं, कुणाची गाभण म्हैस — सगळं त्याच्या कानावर. देव समोर पाटावर येऊन बसलाय असंच वाटायचं मला.

आज गुरुवारच. मुद्दाम बघितलं कॅलेंडर.

११ जानेवारी, रविवार

नाताळपासून विमानं उडायला लागलीत. बाबा गच्चीत खुर्ची टाकून बघत बसतात. "हे बघ, आपल्या ओटीवरनं उडालं," म्हणतात आणि हसतात. मला नाही हसू येत.

गाव विमानतळात गेलं तेव्हा गावच्या देवांना नव्या ठिकाणी जागा ठरत होत्या. एक साहेब आमच्याही दारात आले. "दिनानाथ, तुमच्या देवाला किती जागा लागेल?" बाबा म्हणाले, "आमच्या देवाला प्लॉट नको, सायेब. तो आमच्या आतच ऱ्हातो. आमी निघालो का तो निघाला." आई तेव्हा नव्हती. असती तर खूश होऊन बाबांच्या पाठीत धपाटा घातला असता.

ती स्वतःही तशीच. पास्टरांनी एकदा सुचवलं होतं, कृष्णाबाई, तुम्ही आता नाव बदला. म्हणाली, "नाव बदललं तर आत जो हाय तो बदलंल का?" पुन्हा विषय नाही काढला त्यांनी.

गावदेवी बेंजो लावून, गुलाल उधळत निघाली. आम्ही मागच्या टेम्पोत. माझ्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली फरशी. बाबांनी विचारलं, "यात काय हाय?" मी म्हटलं, "पाटा."

१२ जानेवारी

प्रार्थनेला बसले. नुसत्या गार टाइल्स. उठले.

१५ जानेवारी, गुरुवार

भामाकाकी आली होती. गावी आमच्या भिंतीला भिंत, आता समोरच्या बिल्डिंगमध्ये. तिच्या लेकीच्या, भाविकाच्या पोटात गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. साधी आहे की कशी, ते काढल्यावर कळणार. काकीचा चेहरा एवढासा झालेला.

"तुजी आई असती तर तिलाच नेली असती मी. आता तू ये, विनिता. तुमचा तो आत असतो ना, त्याला घेऊन ये."

काकी पक्की गावदेवीची. तिकडे नवस बोलून झालाय. तरी माझ्याकडे आली.

शाळेत तपासणी आहे, बघते, म्हटलं. कसली तपासणी! घाबरले मी. काय घेऊन जाणार भाविकाच्या खाटेशी? आत चाचपून बघते तर हाताला काहीच लागत नाही. फरशी फुटल्यापासून एकदाही धड प्रार्थना झालेली नाही. पास्टर इतकी वर्षं सांगतायत, पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याच्या आत वास करतो. चर्चच्या मुलांना मीच शिकवते हे रविवारी. आणि माझा सगळा विश्वास एका लादीत होता की काय? लाज वाटते लिहायलासुद्धा.

१७ जानेवारी, शनिवार

बाबांना सांगितलं सगळं. ते पोपटीच्या मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा निवडत होते. वर बघितलंही नाही.

"पाटा म्हनालीस तवाच कळलं मला. पाट्याला मांडीवर कोन घेतं?" मग हसायलाच लागले. "मी सायबाला सांगतो प्लॉट नको, आन् माजी पोर देवाला गोनपाटातनं घेऊन येते!"

मला रडू आलं तेव्हा थांबले. शेंगांची पाटी बाजूला सरकवली.

"ओटी मलाबी आठवते गो. रोज आठवते. तुजी आई तितंच दिसते मला. पन ओटी म्हंजे तो नाय."

"बाबा, आत काही वाटतच नाही मला."

"मलाबी लई वेळा नाय वाटत. म्हनून काय तो घर सोडून गेला? उद्या जा भाविकाकडं. रिकामी वाटतंय तर रिकामी जा."

१८ जानेवारी, रविवार

जाऊन आले. नसते गेले तर बरं झालं असतं.

भाविका पिवळी पडलीय. तिच्या अंगणातल्या चिंचेवर आम्ही दोघी तासन्‌तास बसायचो, तीच ही. माझा हात धरला आणि म्हणाली, "आलीस ना." बस्स. मी स्टुलावर बसले. काकी दाराशी उभी, डोळे माझ्यावर. आता ही बोलेल, मग बोलेल.

आईचे शब्द आठवून बघितले. खाडी बुजवली. शेतं गेली. म्हैस तर आता आळीतल्या कुणाकडेच नाही. दवाखान्यातल्या त्या हिरव्या पडद्याआड कशाचं नाव घेऊ? "प्रभू" एवढं मनात आलं आणि पुढे गाडी सरकेना. भाविकाचा हात हातात होता, तिला झोप लागली, तरी मी तशीच. भेटायची वेळ संपली म्हणून वॉचमनने उठवलं.

एक शब्द नाही. आमेनसुद्धा नाही. रिक्षात रडले. रिक्षावाल्याने गाणी बंद केली.

१९ जानेवारी

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलीय. गाठ तपासायला पाठवलीय, रिपोर्ट यायचाय. काकीला तोंड दाखवायची हिंमत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

काकीच आली. मी आधीच म्हटलं, "माफ कर काकी, मला काही बोलताच आलं नाही गं."

"बोलायचं काय त्यात? तुजी आई तरी आमच्या घरी कदी बोलली? भाविकाच्या टायमाला मी मरनाच्या दारात, तवा रातदिस उशाशी बसून व्हती. त्वांड उघडलं नाय. मीच म्हटलं, कृष्णे, बोल गो काय तरी तुज्या देवाशी. तर म्हनते, 'आत हाय त्याला बसू दे ना तुज्यापाशी. मी कशाला मधी बोलू?'"

ओटीवर बोलणारी आई मी रोज ऐकली. दुसऱ्याच्या उशाशी गप्प बसणारी मला कुणी सांगितलीच नव्हती.

भाविकाने विचारलंय, उद्या येशील का. जाणार आहे.