व्याही आणि निळा पिंसोन

१२ मे
लेकीचा, युरेनाचा फोन. ती, तिचा रुबेन आणि रुबेनचे वडील फेर्मीन शनिवारी येताहेत. लग्न त्यांच्याकडे वायादोलिदला करायचं की इथे विलाफ्लोरला, हे म्हणे त्यानंतर ठरणार. एकुलत्या एका मुलीचं लग्न समुद्रापलीकडे होऊ देणारा बाप मी नव्हे.

फेर्मीनना पक्ष्यांचा नाद. आमच्या पाइनच्या जंगलातला निळा पिंसोन बघायचाय, आमचं बेट सोडून तो कुठेच नाही. मी फोनवरच सांगून टाकलं, 'तुम्ही या, मी इथला एक्सपर्ट.' बायको, बेनिग्ना, बाजूलाच उभी. म्हणाली, "तू शेवटचा पक्षी कधी बघितलास? ताटातला सोडून सांग."

१३ मे
लायब्ररीतून पुस्तक आणलं. नर निळसर करडा, मादी तपकिरी. पाइनच्या बिया फोडायला जाडजूड चोच. घरटंही पाइनवरच. म्हणजे स्वभाव बुजरा असणार. (पुस्तकात तसं दिसलं नाही, पण सगळं वाचायला वेळ कुणाला आहे?)
संकल्प : रोज पहाटे जंगलात.

१४ मे
थंडी. संकल्प उद्यापासून.

१५ मे
गेलो. पाइनच्या सुयांवरून घसरलो. शिट्टी वाजवून नराला बोलावलं. एक कुत्रा आला.
बेनिग्नाचं म्हणणं, जंगलातल्या लास लाहासच्या पिकनिकच्या टेबलांपाशी केक घेऊन बसू, पक्षी आपोआप येतात. तिला समजावलं की निसर्ग म्हणजे पिकनिक नव्हे. ती केकसाठी बदाम सोलत राहिली.

१६ मे, रात्री
पाहुणे आले. फेर्मीन मऊ बोलणारा माणूस, पाठदुखीचा त्रास. जेवताना मी जंगलावर बोललो. सगळे शांतपणे ऐकत होते. रुबेन तर डोळे मिटून.
उद्याचा प्लॅन : पहाटे निघायचं, कॉफी नाही, बोलणं नाही. फेर्मीनचं लाल स्वेटर काढून घेतलं.

१७ मे, संध्याकाळी
टोमॅटोच्या मळ्यातली हिरवी जाळी पांघरून फेर्मीन आणि मी पालथे पडलो. धुकं. पक्षी नाही. ते शिंकले, मी नुसतं बघितलं. ऊन वर आल्यावर हळूच म्हणाले, "सेर्वांदो, मला उठता येत नाहीये." मी म्हटलं, चिकाटी लागते. ते म्हणाले, "चिकाटी आहे हो, पाठ नाही."

बाकीचे खाली टेबलांपाशी होते, तिथून रुबेनला हाक मारून बोलावलं. दोघांनी त्यांना उचलून खाली पिकनिकच्या टेबलांपाशी आणून बाकावर आडवं केलं. बेनिग्नाने केक कापून ठेवला होता. ताटाशी एक निळं कबुतर खुशाल उभं. फेर्मीननी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, कळ आली. एका हाताने त्यांना थोपटलं, दुसऱ्या हातातल्या टोपीने कबुतर हाकललं.
ते कबुतर नव्हतं.

युरेनाने मला दंडाला धरून गाडीत नेऊन बसवलं. म्हणाली, "बाबा, जरा वेळ इथेच बस." काचेतून सगळं दिसत होतं. पक्षी परत आला. गळक्या नळाखाली पाणी प्यायला, मग टेबलावर. बेनिग्नाने फेर्मीनच्या तळहातावर केकचा चुरा ठेवला. पक्ष्याने तो वेचला, अगदी सावकाश. फेर्मीन डोळे पुसत होते. धुकं गेलं असणार डोळ्यांत.

१८ मे
ठरलं. लग्न विलाफ्लोरलाच. माझा प्लॅन शेवटी फळाला आला.
जेवणाचं बेनिग्ना बघणार. जागा तिने आणि फेर्मीननी मिळून निवडली, पाइनखालीच. मी विचारलं, माझ्याकडे काय? मग युरेना म्हणाली, "बाबा, तू गाड्या लावून घे. खाली, रस्त्यावर."
जबाबदारी मोठी आहे. तिथलं वळण अवघड आहे.