भाऊजींच्या होड्या

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच. दोन पाय आणि दोन गुडघे ही माझी चार अंगं सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या चारांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.)

इकडे सगळं ठीक. तुमची तब्येत कशी आहे, असं मी आजवर प्रत्येक पत्रात विचारत आलो आणि तुमचं उत्तर न वाचताच पुढे गेलो, हे आता कबूल करतो. या खेपेला खरंच विचारतो आणि अवयववार विचारतो. उजव्या अंगठ्याची सूज उतरली का? सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की जमीन अजून टोचते का? पायऱ्या उतरताना तुम्ही टाच आधी टेकवता की चवडा? ताईची कंबर काय म्हणते? तिला म्हणावं, तिच्या धाकट्या भावाला अखेर अक्कल आली. डोक्याच्या बाजूने यायला वाट मिळाली नाही, म्हणून ती पायाच्या अंगठ्यातून आली.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी चौतीस वर्षं बुटांच्या दुकानात उभा राहिलो. (बसायचं ते गिऱ्हाइकाने. आपण एक गुडघा टेकून त्याच्या पायाशी.) या चौतीस वर्षांत ‘तुमचा नंबर संपलाय’ असं मी एकाही माणसाला सांगितलं नाही, आणि हा माझा मोठा अभिमान होता. गिऱ्हाइकाने आठ नंबर मागितला आणि खोक्यात सातच शिल्लक असला, तर सात काढायचा, टाचेला शूहॉर्न लावायचा, पाय आत ढकलायचा, त्याच्या डोळ्यांत बघून हसायचं आणि म्हणायचं, ‘सुरुवातीला थोडे घट्ट वाटतील, पण वापरून सैल होतील.’ या एका वाक्यावर मी उत्तम विक्रेत्याचं बक्षीस दोनदा मिळवलं. दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ. (एक बंद आहे.) तुमच्या लग्नातले बूटही मीच दिले होते, आणि तेही सात नंबरचे. लग्नाच्या फोटोंत तुमचा चेहरा इतका कडू आलाय की तुम्हाला मुलगी पसंत नव्हती असं ताईला दोन वर्षं वाटत होतं. पसंत नव्हते ते बूट, हे मला पक्कं माहीत होतं. पण दुकानाचं नाव खराब होईल म्हणून मी तोंड उघडलं नाही. पुढे तुमचे पाय सुजायला लागले आणि तुम्ही कुठल्याशा कारागिराकडून ते रुंद, गोल तोंडाचे तपकिरी बूट करून घेतलेत, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्यांना होड्या म्हटलं. वल्ही कुठे ठेवलीत, असंही विचारलं. तुम्ही हसलात. तुम्ही नेहमीच हसता, आणि हल्ली मला त्याचाच जास्त त्रास होतो.

आता मूळ दुखणं सांगतो. मी हिला शब्द दिला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिने माझ्याकडे हौसेची एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे रोज सकाळी बरोबर चालायला या. पलीकडच्या तळ्याला एक फेरी, एवढंच. दुकानात असताना माझे पाय दिवसभर उभं राहून असे वळलेले असायचे की सकाळी स्वयंपाकघरापर्यंत पोचलो तरी खूप झालं. मी म्हणायचो, निवृत्त होऊ दे, मग फेरीच काय, प्रदक्षिणा घालू. निवृत्त झालो. बरोबर तीन महिने आम्ही दोघं फिरलो, आणि ते तीन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले, हे तुमच्यापासून काय लपवायचं. मग डाव्या पायाचा अंगठा सुजला, पाठोपाठ उजवा. संधिवात, असं डॉक्टर म्हणाले. औषध मी देतो, पण बूट मोकळे घाला, असंही म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, बुटांचं तेवढं मला सांगू नका. (हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.) हिची फेरी काही चुकली नाही. शेजारी एक निवृत्त तिकीट तपासनीस आहेत, ते त्यांच्या कुत्र्याला घेऊन तळ्यावर जातात, ही त्यांच्यासोबत जायला लागली. मी गॅलरीत बसून तिघांना कोपऱ्यावर वळताना बघत राहायचो. भाऊजी, वाईट वाटायचं. कुत्र्याचासुद्धा हेवा वाटायचा. मेल्याला पाय चार, आणि दुखत एकही नाही.

तेव्हा बूट शोधणं आलं. पहिल्यांदा एका मोठ्या नव्या दुकानात गेलो. तिथे आता गुडघा कोणी टेकत नाही, काचेच्या यंत्रावर उभं राहायचं आणि पडद्यावर आपले पाय रंगीत दिसतात. जिथे भार जास्त पडतो तिथे लाल दिसतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. माझे दोन्ही पाय टाचेपासून नखापर्यंत लाल. बाईंनी घाबरून मला आधी खाली उतरवलं, मग तळात हवा भरलेले बूट दिले. दोन दिवस ढगावरून चाललो. तिसऱ्या दिवशी उजव्या बुटातली हवा कुठूनशी निसटायला लागली आणि प्रत्येक पावलाला शिटी वाजू लागली. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यातून मी चाललो, तर मागे स्ट्रेचर येतंय असं समजून लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ तर खुर्चीवरून उठून मला वाट देते झाले.

मग मी माझं डोकं चालवलं. (इथे तुम्ही सावध झाला असाल.) दोन नंबर मोठे बूट घेतले आणि पुढे कापूस भरला. घरात छान चाललो. बसमध्ये चढताना मी वर गेलो, डावा बूट खाली राहिला आणि बस सुटली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा आणि मोज्याला चिकटून आलेला कापूस, अशा थाटात मी चार थांबे प्रवास केला. समोरच्या बाई आपल्या नातवाला सांगत होत्या की आजोबांच्या पायाचं ऑपरेशन झालंय, बघू नकोस. परत आलो तर बूट दारात हजर. तपासनीसांच्या कुत्र्याने रस्त्यावरून उचलून आणून ठेवला होता. कुत्र्याला बुटांची आवड आहे ही गोष्ट त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळली. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्यानंतर मी एका जुन्या बुटाला शिवणकामाच्या कात्रीने अंगठ्यापुरतं भोक पाडलं. अंगठा बाहेर आला, बरं वाटलं, पण तो इतका लालबुंद आणि इतका पुढे दिसायचा की समोरून येणारा माणूस माझ्याशी बोलताना त्याच्याकडेच बघून बोलायचा. आणि ती कात्री हिची होती. तो विषय इथेच सोडतो.

शेवटी अभिमान गुंडाळून ठेवला आणि आमच्या जुन्या दुकानात गेलो. तिथे आता जो मुख्य विक्रेता आहे तो माझ्याच हाताखाली तयार झालेला. डोक्यावरचे केस गेलेत, पण मला बघून धावत आला, खुर्ची दिली, पंखा लावला आणि स्वतः गुडघा टेकून बसला. मी म्हटलं, मला नऊ नंबर दे, रुंद, आणि अंगठ्यापाशी मोकळा. तो आत गेला. जरा जास्तच वेळ आत राहिला. तो वेळ मी ओळखतो, भाऊजी, मीच त्याला शिकवलाय. खोका घेऊन बाहेर आला, नंबराची बाजू तळहाताखाली झाकलेली. शूहॉर्न लावला. माझ्या तोंडातून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. आणि त्याने माझ्या डोळ्यांत बघून, अगदी माझंच हसू हसत म्हटलं, ‘सुरुवातीला थोडे घट्ट वाटतील, सर, पण...’ पुढचं मी ऐकलं नाही. मला एकदम तुमचा लग्नातला फोटो दिसला. मग मागच्या चौतीस वर्षांची सगळी रांग दिसली, सगळे लंगडत चाललेले आणि सगळे मला नमस्कार करून गेलेले. मी तसाच मोज्यांवर उठलो आणि बाहेर आलो. बूट तिथेच राहिले म्हणून परत आत गेलो.

याच सुमारास, म्हणजे आजपासून चार आठवड्यांपूर्वी, तुम्ही आणि ताई आमच्याकडे आलात. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. दुपारी तुम्ही आडवे झालात, संध्याकाळी निघताना बघता तर दारातून तुमच्या होड्या गायब. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, हे तुम्हाला आठवत असेल. पलंगाखाली वाकून बघितलं (माझ्यासारख्याने वाकणं म्हणजे काय ते तुम्हीच जाणता), जिन्यात शोधलं आणि शेवटी शेजारच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. तपासनीसांनी हात जोडून तुमची माफी मागितली. मी माझे काळे, निमुळत्या तोंडाचे बूट बळेच तुमच्या पायांत चढवले आणि सवयीने तेच वाक्य बोलून गेलो. तुम्ही हसलात.

त्याचं पुढे असं झालं की परवा तपासनीस मला जिन्यात भेटले. पाहुण्यांचे बूट पळवणारा कुत्रा गल्लीत ठेवणं बरं नाही, येत्या रविवारी त्याला लांब पुतण्याकडे पाठवतोय, असं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. कुत्रा शेजारी बसून माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे म्हणजे, माझ्या पायांकडे.

माझी तब्येत मात्र एकाएकी सुधारली आहे. गेले चार आठवडे मी रोज सकाळी हिच्याबरोबर तळ्याला पूर्ण फेरी मारतो. ही भराभर चालते, मी जरा मागे असतो, मग ही वळून थांबते. त्या थांबण्यासाठी मी काय वाटेल ते करीन. बाकी काय लिहू. ताईला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. तुमचे ते रुंद बूट कुठल्या कारागिराने केले, त्यांचा पत्ता उलट टपाली कळवावा. सहज विचारतोय.

दुसरा ता. क. सहज नाही. तुमचे बूट कुत्र्याने नेले नाहीत, मी नेले. दुपारी दूधवाला आला, फाटकापर्यंत जायचं म्हणून हाताशी होते ते पायांत अडकवले. भाऊजी, पाय आत गेला आणि काही झालंच नाही. दुखलंच नाही. फाटकापाशी थांबायचं विसरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो तेव्हा ते काढवेनात. कपाटाच्या तळाशी रिकाम्या खोक्यांत दडवले, आणि हिला सांगितलं की दुकानातला जुना माल मिळाला. आत्ता हे लिहितानाही तेच पायांत आहेत. रविवारच्या आत तपासनीसांना सगळं सांगतो आणि बूट तुम्हाला पोचते करतो. माझी फेरी बुडेल तर बुडू दे. तुमच्या पायांशी दोनदा दगा केला मी, एकदा लग्नात आणि एकदा आता. जमलं तर माफ करा.

तिसरा ता. क. भाऊजी, नमस्कार. हे मी लिहिते आहे. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं (डिंक बोटांना लागतो म्हणून), तेव्हा वाचलं. तुमचा अंदाज बरोबर निघाला, ह्यांनी आपणहून कबूल केलं. त्या दुपारी तुम्हाला चहा द्यायला आले आणि आपण दोघांनी खिडकीतून ह्यांना तुमचे बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा भिंतीला हात न लावता चालले. तुम्ही म्हणालात, वहिनी, काही बोलू नका, कबूल करेपर्यंत घालू दे. तुम्ही म्हटलं होतंत दोन आठवडे, ह्यांना चार लागले. शेवटी तुम्ही सुचवलेली कुत्र्याची युक्तीच लागू पडली. कुत्रा कुठेही जात नाहीये. तपासनीसांनी डोळे फार छान भरून दाखवले, आणि कुत्र्याला मी रोज दोन बिस्किटं जास्त देते. तुम्ही टॅक्सीत बसल्याबरोबर ते काळे बूट काढून मोज्यांवर घरी गेलात हे ताईंनी कळवलं. होड्यांचा तसलाच दुसरा जोड तुमच्या घरी आहे, हे ह्यांना इतक्यात सांगू नका. दोन दिवस वाईट वाटू दे.

तुम्ही दिलेल्या त्या कारागिराच्या पत्त्यावर मी ह्यांच्या पायांचं माप लगेच पाठवलं होतं. हे दुपारी झोपले असताना पायांखाली कागद धरून पेन्सिलीने रेघ मारली. नवे बूट आठ दिवसांपूर्वीच आलेत आणि त्याच कपाटात, तुमच्या होड्यांच्या शेजारच्या खोक्यात आहेत. ह्यांनी रोज हात घातला तो बरोबर एक खोकं सोडून. उद्या सकाळी फिरायला निघताना देणार आहे. मीच हात घालून बघितले, आत ऐसपैस आहेत, कुठे म्हणून टोचणार नाहीत. तरी देताना एवढंच म्हणेन की सुरुवातीला थोडे घट्ट वाटतील, पण वापरून सैल होतील. चौतीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं, एकदा ह्यांनाही ऐकू दे.