मोकळं फिरणारं चाक

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

गॅरेज बंद केलं तरी ते चाक डोळ्यांपुढं फिरतंय. एका बोटानं ढकललं तर वीज गेल्यावर पंखा फिरतो तसं, आवाज न करता, कितीतरी वेळ.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बिराजदार बाई आल्या, म्हणाल्या, गाडीची पुढची दोन्ही चाकं तापतात, गाडी ओढत नाही. मी नीट न बघताच बोललो, "बाई, तुमचा पाय ब्रेकवरच असतोय की." त्यांनी ते खरं मानलं. तेव्हापासून चपला सीटखाली ठेवून अनवाणी चालवतात, पाय कुठं आहे ते कळावं म्हणून. मैंदर्गीला आईकडं गाडीनं जाणंही सोडलं.

आज बाई गाडी घेऊन आल्या, चाकं तापलेलीच. जॅक लावला, चाक हलेना. वर ब्रेक-ऑइलच्या डबीखालचे पाइप सैल केले, तेल उसळलं आणि दोन्ही चाकं मोकळी. म्हणजे पेडल सोडलं तरी दाब आतच राहत होता. पण का? मग आठवलं. दिवाळीआधी बाई म्हणाल्या होत्या, ब्रेक लई खाली लागतो. मीच पेडलचा रॉड वाढवला होता, जरासुद्धा सैल न ठेवता; पाय काढला तरी तो ब्रेक दाबूनच ठेवायचा.

रॉड मागं घेतला, पाइप आवळले, चाक बोटानं ढकललं. सांगावं, का नुसतं 'झालं' म्हणावं? चाक फिरतच होतं. ते थांबेपर्यंत बघत बसलो, मग सांगितलं. "चूक माझी हाय, बाई. तुमच्या पायाची न्हाय."

त्यांनी सीटखालच्या चपला काढून पायात घातल्या, आणि मग गाडीत बसल्या.