उत्तरेची खिडकी

४ एप्रिल

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं शेवटचं पाणी रबरी पट्टीनं काढत होतो, तेव्हा समोरच्या खिडकीतून नर्सबाईंनी हात वर केला. शेजारची झडप उघडी होती, त्यांना वाटलं असेल, तूच आहेस. मी शिडीवरून हात हलवला. तू मागून म्हणालीस की काम कर, आणि स्वयंपाकघरात गेलीस. बस चुकेल म्हणून तेव्हा काही विचारलं नाही. घरी पोचून पहिलं काम हे पत्र.

आधी काचेवर चिकटवलेल्या फिल्मबद्दल. महिनाभर काच पुसू नकोस. आत पाण्याचे फुगे दिसतात ते सुकून जातील. उजवीकडे वर मोहरीएवढा एक डाग आहे, तो पाण्याचा नाही. फिल्मखाली धूळ राहिली आहे आणि ती आता राहणारच. गिऱ्हाइकाकडे असं झालं असतं तर सोलून नवी लावली असती. तुझ्याकडे म्हटलं, चालतंय. लाज वाटली म्हणून लिहून टाकलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नाही. ऊन येतं तुझ्या पश्चिमेच्या खिडकीत. दुपारी ओट्यावर हात ठेववत नाही. आणि तू फिल्म लावून घेतलीस उत्तरेला, जिथे ऊन वर्षभर फिरकत नाही. तीही बाहेरून आरशासारखी दिसणारी. उष्णता अडवणारी साधी पारदर्शक फिल्मही मिळते, हे मी दोनदा सांगितलं. नर्सबाईंशी काही बिनसलंय का? जिन्यात भेटलेल्या तिघांनी मला थांबवून सांगितलं, की नर्सबाई पडल्या तेव्हा तुमच्या ताईमुळे वाचल्या. माझी छाती उगीच फुगली.

फिल्म कापायचं माझं पातं तुझ्या खिडकीच्या चौकटीवर राहिलं. जपून उचल, धार आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा


९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, पण पिनकोड चुकला होता. टपाल वर्गीकरणात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईच्या सख्ख्या भावाला हे शोभत नाही. फोन करत जा म्हणतोस, तर कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी वाजवतं. तुझ्या आवाजापेक्षा ती बरी, असं आता वाटायला लागलंय.

खोली गार आहे. डाग दिसतो, त्याची सवय होईल. खिडकीचा पडदा काढून टाकला. बाहेरून काही दिसतच नाही, मग धुवायचा कशाला?

नर्सबाईशी भांडण नाही. ती आता वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत येते. सातला पडदा वर करते, हात करते. माझ्या काचेत तिला बहुधा आभाळ दिसत असावं. पाचेक मिनिटं उभी राहते, मग वळते. वळायला तिला फार वेळ लागतो.

जिन्यातल्या लोकांचं मनावर घेऊ नकोस. मी कुणाला वाचवलेलं नाही.

तुझ्या घरच्या मालकिणीची पाठ कशी आहे? तिला शिड्या उचलायला लावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१५ एप्रिल

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठ बरी आहे. शिडी मीच उचलतो, हे तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुमचा सातचा नियम मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही दोघींनी तो ठरवलात, तेव्हा मी त्याला हजेरीपट म्हणालो होतो. दोघी निवृत्त, एकट्या. सातला पडदा वर, हात वर. साडेसातपर्यंत एकीचा पडदा उठला नाही तर दुसरीनं किल्ली घेऊन जायचं. हसलो होतो, पण मला त्या नियमाचाच आधार वाटायचा.

म्हणून विचारतो. वाचवलं नाही म्हणजे काय? त्या हात करतात तेव्हा तू आतून तरी करतेस का? नर्सबाईंसारखं माणूस तू सोडणार असलीस तर मला कारण कळायला हवं. तुझ्याजवळ दुसरं आहे कोण? मी बसनं सहा तासांवर.

शाळेच्या खिडकीची काच माझ्या चेंडूनं फुटली होती आणि तू ती चूक स्वतःवर घेतली होतीस. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हेही सांगणार नाही.

उत्तराच्या वाटेवर डोळे आहेत.

तुझा,
धाकटा


२१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एका बैठकीत लिहिते, नाहीतर होणार नाही.

ती पडली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही औषधाच्या दुकानात होतो. दुकानदारानं माझ्या गोळ्या पुढे केल्या, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली की गोळ्यांचा उपयोग नाही, ही बाई चोरून साखर खाते. लोक हसले. खरं होतं, म्हणून जास्त लागलं. घरापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सातला तिचा पडदा उठला नाही. मला वाटलं, रुसली. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मनात म्हटलं. साडेसात झाले. किल्ली खिळ्यावर होती, खुर्चीतून हात पुरेल इतक्या जवळ. मी रेडिओ लावला, चहा केला, त्यात मुद्दाम दोन चमचे साखर घातली आणि शब्दकोडं घेऊन बसले. मधून मधून तिच्या पडद्याकडे बघत होते. तो जितका खाली राहिला तितकी मी हट्टाला पेटले. साडेअकराला कोडं संपलं, तेव्हा गेले.

ती न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली होती, पहाटे साडेपाचपासून. खुबा मोडला होता. तिनं माझा हात धरला. डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर कसा? मी म्हणाले, सकाळीच बाजारात गेले होते, आल्या आल्या पडदा पाहिला. पिशवीत काय आणलं तेसुद्धा सांगितलं. ते त्यांनी विचारलं नव्हतं. पुढे दवाखान्यात ती येईल त्याला सांगायची, की ही माझी पाठची बहीण. आणि मी पलंगाशेजारी बसून फळं कापायची.

ती घरी येणार हे कळलं, त्या दिवशी मी तुला उन्हाबद्दल लिहिलं. सकाळी सातला तिच्या तोंडासमोर हात वर करणं मला जमणार नव्हतं.

आतून हात करतेस का, विचारलंस. नाही. पण संध्याकाळी दिवा लावून खिडकीशी खुर्ची घेते आणि ती तिच्या पलंगावर जेवेपर्यंत बघत बसते. तिला मी दिसत नाही, म्हणून तेवढं धाडस होतं. कधी कधी तोंडानं माफीही मागते. काचेला.

काय म्हणायचं ते म्हण. पत्र मात्र बंद करू नकोस.

तुझी,
ताई


२६ एप्रिल

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुला काही म्हणायचा माझा अधिकार नाही, कारण आधी माझी चूक सांगायची आहे.

ही फिल्म, जिकडे उजेड जास्त तिकडून आरसा असते. दिवसा उजेड बाहेर असतो, म्हणून बाहेरून आरसा. संध्याकाळी घरात दिवा लागला की उलटं होतं. आतून आपलंच तोंड दिसायला लागतं, आणि बाहेरच्याला घरातलं सगळं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि पडदा ठेवा म्हणतो. तुला सांगितलं नाही. तू घाई करत होतीस, मला बस गाठायची होती, आणि ताईला काय सांगायचं, असंही वाटलं.

समोर उजेड असला तर तुला त्या अंधुक दिसत असतील. त्यांना तू लख्ख दिसतेस. पडदाही तू काढलास. म्हणजे तीन आठवडे त्या तुला बघताहेत.

मी येऊन फिल्म काढून देऊ का? पण त्यांच्याकडे तुलाच जावं लागेल. मी सोबत आलो तर तू माझ्यामागे उभी राहशील.

रागावलीस तरी धाकट्याला टाकू नकोस.

तुझा,
धाकटा


१ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल संध्याकाळी हाती आलं. वाचलं, दिवा लावला, खाली गल्लीत उतरले आणि वर पाहिलं. खुर्ची, रेडिओ, खिळ्यावरची किल्ली, सगळं दुकानात मांडल्यासारखं दिसत होतं. तुझा डागसुद्धा.

परत वर जाऊन किल्ली घेतली आणि तिच्याकडे गेले. किल्ली हातात असून दार वाजवलं. वॉकर ओढत ती आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, की संध्याकाळी रोज दिसतेस, ओठ हलताना दिसतात, शब्दकोडं मोठ्यानं सोडवायला लागलीस की काय?

मग मी सांगितलं. साखर, पडदा, कोडं, बाजार. ती चादरीची घडी घालत ऐकत होती. घडी झाल्यावर म्हणाली, की तिला माहीत होतं.

पडल्यावर तिला माझा रेडिओ ऐकू येत होता. माझे कान हे असे, त्यामुळे तो गल्लीभर वाजतो. आधी तिला बरं वाटलं. ही घरी आहे, म्हणजे आता येईल. बातम्या झाल्या, गाणी झाली, हवामान झालं. नऊच्या बातम्या लागल्या तेव्हा तिनं हाका मारणं सोडलं. मी डॉक्टरांना बाजाराचं सांगत होते तेव्हा ती शेजारी स्ट्रेचरवर पूर्ण शुद्धीत होती. पाठची बहीण म्हणायची ते मला लाज वाटून मी बोलावं म्हणून. सात आठवडे वाट बघितली, म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी किल्ली तिच्या टेबलावर ठेवली. घेऊन जा म्हणाली नाही, राहू दे असंही म्हणाली नाही.

आज सकाळी तिनं पडदा वर केला. हात केला नाही. दिवसभर मी तुझ्या पात्यानं फिल्म काढत होते. साबणाचं पाणी मारून कोपरा उचलला, तर चिंध्या होऊन निघाली. गोंद काचेवरच राहिला. अर्ध्या काचेची निघाली आहे. बोट कापलं, फार नाही. उरलेली काढायला तू येऊ नकोस.

एवढं कळूनही ताई म्हणावंसं वाटलं, तर म्हण.

तुझी,
ताई

ता. क. २ मे. पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून लिहिते. आज सकाळी सातला तिचा पडदा वर गेला नाही. मी साडेसातची वाट पाहिली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. ती खुर्चीत बसली होती, नाडी मोजायचं घड्याळ हातात धरून. म्हणाली, आज चार मिनिटं. पडदा मी वर केला. किल्ली अजून टेबलावरच आहे.