पडद्याआडची पाच मिनिटं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो तेवढं पुरेसं मानावं.) तुझे सांधे आणि दाजींचं पित्त आपापल्या जागी असेलच. औषध दोघांनीही वेळेवर घ्यावं. तू दाजींना बजाव, दाजींनी तुला बजावण्याचं धाडस करावं. पत्रच का, तर कागद मध्ये बोलत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या काय चाललंय, असं तू मागे विचारलं होतंस. (विचारलं नव्हतंस, पण विचारायला हवं होतंस.) नीलमाच्या पातळ चकतीवर (अंगठीतला नव्हे, कारखान्यातला) आम्ही व्हॅनेडियमच्या ऑक्साइडचा थर चढवतो, केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाइतका. हा थर अडुसष्ट अंशांपर्यंत वीज अडवून धरतो आणि त्याच्या वर गेला की एकदम धातूसारखा वागून सोडून देतो. थोडक्यात, हे एक दार आहे. सेकंदाला अब्जावधी हेलकावे घेणाऱ्या लहरी अडवायला आणि सोडायला असंच चपळ दार लागतं. पण अशा यंत्रांच्या पोटात सत्तर अंशांची भट्टी असते, त्यामुळे दार कुणी न सांगताच उघडं पडतं. ते ऐंशीच्या पुढे उघडावं म्हणून त्यात जर्मेनियम चिमूटभर मिसळायचं. भेसळ केल्यावर माल सुधारतो असा माझ्या पाहण्यातला हा एकच धंदा.

भेसळीचं काम माझ्याकडे आहे. बशीएवढ्या व्हॅनेडियमच्या तबकडीवर जर्मेनियमचे आठ तुकडे चिमट्याने मांडायचे, पेटीतली हवा उपसून काढायची, मग आत जांभळा उजेड पेटवायचा, की तबकडीचे आणि तुकड्यांचे कण उडून समोरच्या चकतीवर बसतात. त्याआधी पाच मिनिटं मध्ये पडदा लावून तबकडी स्वच्छ होऊ द्यायची, हा नियम. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही. फ्रीज दुरुस्त करता करता हवा उपसायला शिकलो, पुढचं सगळं यंत्राची पुस्तकं वाचून. इथे पदवीवाले पुष्कळ आहेत, पण पंप कण्हायला लागला की हाक मलाच मारतात.

तर अशा सत्तावीस फिल्म (थर चढलेल्या चकत्या) केल्या, सगळ्यांचं दार अडुसष्टला. अठ्ठाविसावी केली आणि ते गेलं चौऱ्याऐंशीवर. आमच्या प्रमुख बाई दिवसभर हसत होत्या (हे मी एकोणीस वर्षांत प्रथमच पाहिलं). म्हणाल्या, अशीच आणखी एक करून दाखवा, शोधनिबंधात तुमचं नाव लेखक म्हणून घालू, तिसरं. ताई, आजवर माझं नाव शेवटच्या आभारात येत आलं, तेही वीजपुरवठा विभागाच्या शेजारी. तेव्हा तू समजू शकतेस.

त्यानंतर सहा फिल्म केल्या. अडुसष्ट, अडुसष्ट, एकदा एकोणसत्तर (त्या दिवशी मी चहा पाजला, उगाच), पुन्हा अडुसष्ट. तोच चिमटा, तेच तुकडे, तोच शर्ट. आमच्याकडे मोजमाप घेणाऱ्या एक संशोधिका आहेत, त्यांना मी मनातल्या मनात शंकासूर म्हणतो. त्यांनी माझी नोंदवही घेतली, पानं उलटली आणि म्हणाल्या, "काका, एकोणीस वर्षांत एकही खाडाखोड नाही?"

मी म्हटलं, "शिस्त."

"आणि अठ्ठाविसावीच्या पानावर बाकीच्यांपेक्षा वेगळं काहीच नाही?"

"काही नाही."

"मग ती वेगळी निघाली कशी?"

आता तुझ्यापासून काय लपवायचं. मी वही आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. शाईने. जो माणूस लिहिल्याप्रमाणेच करतो त्याने आधी लिहिलं काय आणि नंतर लिहिलं काय, असा माझा हिशोब होता. हिशोब एकोणीस वर्षं चालला. पडदा पाच मिनिटं, असं त्या पानावर स्वच्छ अक्षरात आहे. प्रत्यक्षात तो किती वेळ बंद होता ते देव जाणे, आणि आणखी एक व्यक्ती. शेवटची संधी पुढल्या सोमवारी आहे, त्यानंतर यंत्र महिनाभर दुसऱ्या गटाकडे जातं.

दाजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. ती दुसरी व्यक्ती तू. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, तुझं कपडे धुण्याचं यंत्र मी 'सुधारून' दिल्यापासून ते मागे सरकतं, या विषयावर तू मला फोन केला होतास. अठ्ठाविसावीचा पडदा लावला आणि तुझा फोन आला. तुझं संपल्यावर पडदा उघडला. माझ्या फोनमधली यादी मी रोज पुसतो, तुझ्यातली तू जन्मात पुसलेली नाहीस. तेव्हा बघून कळव, किती मिनिटं, आणि कृपा करून सेकंदही.

ता. क. २. "सगळं ऐकतोय, ताई" असं मी त्या दिवशी दर तीन मिनिटांनी म्हणत होतो. फोन टेबलावर होता. राग मानू नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी वही मागवून ते पान उघडलं. मग म्हणाल्या, स्वतःच्या हाताने तो पाच खोडा, शेजारी सही करा. सोमवारी दार चौऱ्याऐंशीला उघडलं तर नाव तिसरंच राहील. खोडला. शंकासूर बाजूला उभ्या राहून बघत होत्या, पण पेन त्यांनीच पुढे केलं. निबंधात पडदा एवढा वेळ का ठेवला याचं कारण द्यावं लागेल म्हणतात. तिथे तुझं काय करायचं यावर विचार चालू आहे.

ता. क. ४. आकडा लिहून पाठव. सांगायला फोन करू नकोस. सोमवारी तर मुळीच नको. नुसता आकडा सांगायला तुला दीड तास लागला, तर हे दार किती अंशांवर उघडेल ते आमच्या बाईंनाही सांगता यायचं नाही.