भिंतीकडेची कणी

अप्पा,

यंदाही दसऱ्यानंतर क्लबाच्या लॉनला भोकं पाडून झाली. बन्नीमंटप मैदानावरची मशालींची कवायत संपली की दुसऱ्या सकाळी तुम्ही पंज्याच्या चार लोखंडी दात्यांवरचं आयुधपूजेचं कुंकू पुसायचात आणि कामाला लागायचात, तसाच मीही लागतो. पंजा पायाने दाबायचा, चार बोटंच खोल, म्हणजे पावसाने घट्ट बसलेल्या मातीत वारा आणि पाणी शिरतं. भोकांत वाळू लोटायची आणि वरून हिवाळी गवताचं बी फेकायचं, कारण थंडीत आपली हरळी तांबूस पडते आणि क्लबाला तेव्हाही हिरवंच हवं असतं. हे तुम्हाला सांगायची काही गरज नाही. पुढचं लिहायला हात धजत नाही म्हणून लिहितोय. अकरा वर्षं मला एकच गोष्ट नक्की करून घ्यायची होती: त्या वर्षी तुम्ही अर्धं बी बाहेर विकलंत की नाही.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आठवीत शाळा सुटली, मराठी लिहायला तुम्हीच घरी शिकवलंत, आणि मी अजून एकेक शब्द दोनदा तपासून लिहितो. माणसंही तशीच तपासतो. बियाचं पोतं आलं की आधी त्याची शिवण बघतो. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. बियाच्या खोलीची किल्ली करदोड्याला असते. लोक हसतात, हसोत. तुमच्यावर आळ आला तो किल्ली खुंटीवर टांगलेली असायची म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा, तुमच्या हाताखाली रोजंदारीवर. तुम्हाला ताप होता, डोक्याला पंचा गुंडाळून तुम्ही बी टाकायला उभे होतात. सुरू करण्याआधी माझ्या हातात एक पत्र्याचा डबा दिलात. आत गूळ लावलेली तांदळाची कणी.

"भिंतीकडेला मुंग्यांच्या भोकांपाशी ठेवून ये. मग बी."

"मुंग्यांना कणी? कशाला अप्पा?"

"आधी ठेव. कशाला ते मग सांगतो."

ते मग कधी आलंच नाही. दहा दिवसांनी लॉन मधोमध हिरवं आणि भिंतीलगत चार-चार हात टक्कल पडलेलं. सेक्रेटरी बघायला आले तेव्हा तुम्ही भिंतीपाशी उभे होतात आणि टाचेने जमिनीवर काहीतरी पुसत होतात. मी ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. ऑफिसात त्यांनी मला विचारलं, "पूर्ण पोतं तुझ्यासमोर टाकलं?" मी म्हणालो, "अर्धं पाहिलं, साहेब. अर्धा वेळ मी नळाकडे होतो." शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "खरं बोलतोय तो." मग तुम्हाला लॉनवरून काढून मागच्या कुंड्यांवर घातलं, आणि खरं बोलतो म्हणून मला ठेवून घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. ती टाच माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. सांडलेलं बी लपवत होतात, असंच मी धरून चाललो.

तण काढणाऱ्या अक्का अजून आहेत, आपल्या गल्लीतल्याच. दर वर्षी बी टाकायच्या सकाळी त्या पदराखाली गाठोडं घेऊन येतात आणि भिंतीच्या कडेकडेने फिरतात. लॉन माझ्याकडे आल्यापासून चार वर्षं मी नुसता बघत होतो. यंदा फाटकातच अडवलं.

"गाठोडं उघडा, अक्का."

"अय्यो! पोलीस झालास काय रे तू?"

"उघडा म्हटलं ना."

आत कणी होती. गुळाचा वास आला.

"मुंग्यांची आहे. सुम्ने, उगाच वेळ घालवू नको, बाजूला हो. आधी तुझे अप्पा ठेवायचे, त्यांच्यामागे मी ठेवते."

मला वाटलं, आत नेताना कणी आणि बाहेर आणताना तिच्याखाली बी. मी त्यांना परत पाठवलं. जाता जाता म्हणाल्या, "बरं, साहेब. तुझं लॉन, तुझ्या मुंग्या."

दहाव्या दिवशी भिंतीलगत टक्कल. मी आधी किल्ली पाहिली, मग फडक्यातले दाणे मोजले. जवळजवळ सगळे उगवले होते. मग वॉचमनवर संशय घेतला, मग दाणे टिपणाऱ्या साळुंक्यांवर. शेवटी भिंतीपाशी उकिडवा बसलो, तेव्हा दिसलं. काळ्या मुंग्यांची रांग, एकेकीच्या तोंडात एकेक दाणा, आणि भोकाभोवती गव्हाळ फोलपटांचा गोल ढीग. कणीने पोट भरलं की त्या आठवडाभर बियाकडे फिरकत नाहीत, तेवढ्यात बी रुजतं. एवढंच तुम्ही मग सांगणार होतात. तो ढीग बघताना मला तुमची टाच आठवली, अप्पा. तुम्ही बी लपवत नव्हतात. फोलपटं पुसत होतात. ती सेक्रेटरींना दिसली असती तर मुंग्यांचं काम कोणाकडे होतं, हे त्यांनी विचारलं असतं.

काल अक्कांच्या दाराशी जाऊन त्यांना बोलावून आणलं. त्यांनी आधी मला मनसोक्त ऐकवलं, मग कणी ठेवली, मग मी टकलावर पुन्हा बी टाकलं. काम झाल्यावर हात झटकत म्हणाल्या, "त्या वर्षी तुझे अप्पा कणी ठेवायलाच विसरले असतील रे. ताप होता ना त्यांना."

हे पत्र त्याच डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू. तुम्ही तापात मला विचारलं होतंत, "ठेवलीस ना?" आणि मी "ठेवली" म्हणालो होतो. ऊन लागत होतं, भिंत लांब होती आणि मुंग्यांना जेवण घालणं मला खुळेपणाचं वाटलं. सगळा डबा मी मागच्या खताच्या खड्ड्यात उपडा केला होता. काल अक्का तसं म्हणाल्या, तेव्हा त्यांना हे सांगायचं होतं. मी नुसती मान हलवली आणि म्हणालो, "हो, विसरले असतील."